आमची वाटचाल: उजवा वेगळा, डावा वेगळा

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी आम्ही ब्रा शिवतो, त्यात बसवायचा कृत्रिम स्तन, म्हणजे कप, देतो आणि विगही करतो. आमच्या माप घ्यायच्या खोलीत भिंतीवर शाळेत असतो तसला काळा फळा आहे. नव्या बाईंना ब्रा आणि कप बसवून झाला की आम्ही त्यांच्या हातात खडू देतो. डॉक्टरांनी हात वर करायची परवानगी दिली असेल तर अगदी वरच्या ओळीपासून लिहायला सांगतो. कप वर सरकतोय का, पट्टी खांद्यावरून घसरतेय का, हे आरशासमोर ताठ उभं राहून कळत नाही. तिसऱ्या ओळीला कळतं.

सुरुवात दोघांची. मी दहा वर्षं ब्राच्या कारखान्यात कटिंगला होते. भागीदार सर्जिकल माल विकायचे, हॉस्पिटलांत त्यांची ये-जा. माझ्या थोरल्या बहिणीचं मास्टेक्टॉमीचं, म्हणजे स्तन काढायचं, ऑपरेशन झालं, ती घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "आता आत काय घालू गं?" डॉक्टरांनी तिला पुढची सगळी औषधं समजावून सांगितली होती. हे कुणी सांगितलं नव्हतं. कंपनी तिथून निघाली.

या धंद्यात पडणाऱ्याला रूथ हँडलर हे नाव माहीत असायलाच हवं. बार्बी बाहुली काढणाऱ्या त्याच. १९७० साली त्यांचा एक स्तन काढावा लागला. बाजारात मिळणारे कप बघून त्या संतापल्या, कारण उजव्या-डाव्यात फरकच नव्हता. मग पेटन मॅसी यांच्या मदतीने त्यांनी ‘निअरली मी’ या नावाने कप आणले: डावा वेगळा, उजवा वेगळा. मी हे भागीदारांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे माल दुप्पट ठेवावा लागणार." मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी बाई आल्या. गणित शिकवायच्या, म्हणून आमच्याकडे सगळे त्यांना बाईच म्हणतात. ऑपरेशनला चार महिने होऊन गेले होते, तरी त्या फायबर भरलेला हलका कपच वापरत होत्या. तो पहिल्या काही आठवड्यांसाठी असतो, जखम हळवी असते तोवर. त्याला वजन नाही, त्यामुळे तो जागेवर राहत नाही. बाई म्हणाल्या, "लिहायला हात वर केला की हा गळ्याशी येतो. वर्गाकडे वळायच्या आधी मी तो खाली ओढते. पोरांना ते कळायला लागलंय."

आम्ही तोलकाटा काढला. दुसऱ्या बाजूचं माप घेऊन सिलिकॉनचे तीन कप तोलून पाहिले, एक निवडला आणि बाईंना भिंतीवरच लिहायला लावलं. पहिल्यांदा कप दोन बोटं वर गेला. खिशाची शिवण अर्धा इंच खाली घेतली, खालचा पट्टा रुंद केला, कड पुन्हा उसवून शिवली. संध्याकाळपर्यंत भिंत समीकरणांनी भरली आणि तिसऱ्या खेपेला कप जागचा हलला नाही. बाई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी शाळेतला मोडीत काढलेला फळा आणून दिला. त्या दिवशी कापलेल्या कागदाला आम्ही ‘बाईंचा पॅटर्न’ म्हणायला लागलो.

विगचं काम मावशींचं. त्यांच्या टेबलावर कॅनव्हासचं डोकं, टी-पिना, केस विंचरायची खिळ्यांची फणी आणि केस गाठायची बारीक आकडी. कपाळाच्या ओळीला त्या एका गाठीत एकच केस घेतात, मागे गेल्यावर दोन-तीन. ओळ विरळ राहिली तरच ती खरी दिसते. विगसाठी पहिल्या केमोच्या आधी या, हे मी कुणी विचारो न विचारो, सांगतेच. केस जाणार असतील तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. ते डोक्यावर असतानाच रंग जुळवता येतो, भांग कुठे पडतो ते बघता येतं. मागे आवळायची पट्टी मागून घ्या, कारण केस गेले की डोक्याचं माप उतरतं. सिंथेटिक विग घालून गरम ओव्हनचं दार उघडू नका, पुढचे केस आखडतात. आणि भुवयांचा जवळून फोटो काढून ठेवा. त्याही जाऊ शकतात, आणि मग पेन्सिल हातात घेतल्यावर कमान कुठे होती ते आठवत नाही.

सहाव्या वर्षी आमच्यात फाटलं. भागीदारांचं म्हणणं, "एका बाईला तुम्ही सव्वा तास देता, तेवढ्यात मी चाळीस डबे विकतो." त्यांना डबा हवा होता. ब्रा, दोन्ही बाजूंना चालेल असा एकच कप, हाताची स्लीव्ह, म्हणजे सूज आवरायची घट्ट बाही, आणि टोपी, सगळं मिळून तीन मापांत. मी नाही म्हटलं. तेव्हा एका हॉस्पिटलची मोठी ऑर्डर ठरल्यातच जमा होती आणि त्या भरवशावर मी उधारीवर कापड उचललं होतं.

एका सोमवारी कपाट उघडलं तर कागदी पॅटर्नची गुंडाळी नव्हती. पंधरा दिवसांत भागीदारांची नवी कंपनी उभी राहिली, ऑर्डर तिकडे गेली, मशीनवरच्या तीन मुलीही गेल्या. मुलींना मी दोष देत नाही, त्यांना घर चालवायचं होतं. कापडवाल्याची उधारी फेडायला दोन ओव्हरलॉक मशीन विकली. मावशी पाच महिने बिनपगारी येत राहिल्या. त्यांचे पैसे मी नंतर चुकते केले, पण रोज सकाळी नऊला त्यांच्या चपलांचा आवाज आला नसता, तर मी शटर पुन्हा वर केलं नसतं.

बाईंना हे कळलं. त्यांनी पुढच्या कपाचे पैसे आगाऊ दिले, आणि मग दर शनिवारी त्यांच्या ओळखीतल्या, ऑपरेशन झालेल्या दोन-तीन जणींना घेऊन यायला लागल्या. त्यातल्याच एकीने डब्यातली स्लीव्ह घातली होती. त्यांच्या काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या होत्या आणि त्यामुळे हाताला सूज होती. स्लीव्हचा दाब मनगटाशी जास्त आणि वर कमी होत जायला हवा. इथे सगळं उलटं. मनगटाशी कापड सैल, आणि वरची कड गुंडाळी होऊन दंडात रुतलेली. काढली तर खाली खोल जांभळट वळ. त्या म्हणाल्या, "घट्टच असायची असते ना, म्हणून सोसलं."

तो वळ आठवला की अजून माझा संताप होतो.

हात लाल आणि गरम असता, ताप असता, तर आम्ही मोजपट्टी लावलीच नसती. ते इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तसं काही नव्हतं. त्यांना आधी थेरपिस्टकडे पाठवलं, बँडेजने सूज उतरवून घेतली आणि मग सकाळच्या वेळी, दर चार सेंटिमीटरला घेर मोजून, चपट्या विणीची स्लीव्ह बनवून घेतली. दाब किती हवा ते थेरपिस्टनेच ठरवायचं. स्लीव्ह चढवताना रबरी हातमोजे घाला, नखं लागून वीण फाटत नाही. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो. दिसायला नवी वाटली तरी बदला.

नंतरची वर्षं कामाची गेली. आज आम्ही नऊ जणी आहोत.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. रेडिएशन चालू असलेल्या बायकांसाठी आम्ही वायर नसलेली सुती ब्रा शिवतो, शिवणी बाहेरच्या बाजूला. ती शिवताना लक्षात आलं की बाईंच्या जुन्या पॅटर्नमध्ये माझी एक चूक होती. काखेखालची शिवण नेमकी ड्रेनच्या, म्हणजे ऑपरेशननंतर आत साचणारं पाणी काढायला लावलेल्या, नळीच्या व्रणावर येत होती. बाईंचा व्रण जरा मागे असल्यामुळे त्यांना ती कधी टोचली नाही, आणि म्हणून मलाही दिसली नाही. आम्ही शिवण दोन बोटं मागे नेली. पण कपाटातून गेलेला पॅटर्न जुना होता. डब्यातल्या ब्रा आजही त्याच रेषेवर शिवल्या जातात. आमच्याकडे आलेल्या बायका कापड वर करून तो लाल झालेला पट्टा दाखवतात, तेव्हा मला माझीच कात्री दिसते.

म्हणून दुरुस्त केलेला पॅटर्न, शिवण लाल पेन्सिलीने दाखवून, मी जुन्या भागीदारांना पाठवला. पैसे मागितले नाहीत, भांडणाचा एक शब्द लिहिला नाही. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवला. यंदाचा मागच्या मंगळवारी गेला.