काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे

दुकानात दोन स्पीकर आणि एक छोटा अ‍ॅम्प आला. तक्रार अशी: "अ‍ॅक्टिव्ह स्पीकर नवेच आहेत, पण डावा मुका झालाय. आणि आवाज वाढवला की अ‍ॅम्प बंद पडतो."

वायर पाहिली आणि निम्मं कळलं. आरसीए केबलचं (सीडी प्लेयरला लागते ती) एक टोक कापून आतली तार अ‍ॅम्पच्या लाल टर्मिनलला पिळलेली, तिच्याभोवतीची जाळी काळ्याला. जुने पॅसिव्ह स्पीकर काढून त्याच जागी हे जोडलेले.

पॅसिव्ह स्पीकरला अ‍ॅम्प लागतो. अ‍ॅक्टिव्हच्या पोटात तो असतोच, त्याला फक्त लाइन सिग्नल, म्हणजे कमी व्होल्टेजचा सिग्नल हवा; सीडी प्लेयर देतो तसा, फार तर २ व्होल्ट. हा अ‍ॅम्प टीपीए३११६ आयसीचा, २४ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा. तो २२ व्होल्टपर्यंतची शिखरं देत होता.

बंद पडायचं कारण मात्र वेगळं. मल्टिमीटरची काळी पिन अ‍ॅडॅप्टरच्या मायनसला, लाल पिन अ‍ॅम्पच्या काळ्या टर्मिनलला लावली: १२ व्होल्ट! ग्राउंड असतं तर शून्य दिसलं असतं. या आयसीत जोडणी ब्रिजची, म्हणजे लाल आणि काळं दोन्ही टर्मिनलं जिवंत, दोन्हींवर सिग्नल. स्पीकरमध्ये मात्र डाव्या-उजव्या आरसीएची जाळी एकच, म्हणजे दोन्ही चॅनलची काळी टोकं आपसात शॉर्ट. गाणं नसताना ती दोन्ही टोकं बरोबरीने हलतात, त्यामुळे काही बिघडत नाही. आवाज चढवला की डाव्या-उजव्यातला फरक वाढतो, करंट वाहू लागतो आणि आयसी प्रोटेक्शनमध्ये जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होते.

स्पीकरचा अ‍ॅम्प बोर्ड उजव्या पेटीत निघाला. इनपुटला एनई५५३२ ही दोन चॅनलची ऑपअ‍ॅम्प आयसी, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट. उजव्या चॅनलची आउटपुट पिन ७ शून्यावर, म्हणजे ठीक; डाव्याची पिन १ उणे १०.८ वर चिकटलेली. डाव्या इनपुटच्या वाटेवरचं १०० ओहमचं रेझिस्टर काळं पडलेलं, उजव्या बाजूचं नुसतं तपकिरी. या आयसीच्या इनपुटला १० मिलिअँपच्या वर करंट चालत नाही. इथे २२ व्होल्टच्या शिखरातून सप्लायचे १२ वजा केले तरी ९० च्या आसपास जात होता. आयसी बदलली, या वेळी बेस (आयसी खोचायचा सॉकेट) लावून. रेझिस्टर दोन्हीकडे १ किलोओहमचं टाकलं, म्हणजे अशी चूक पुन्हा झालीच तरी करंट ९ मिलिअँपवर थांबेल.

दुसऱ्या पेटीत काय, तर दोन तारा आणि ट्वीटरला ३.३ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. खोक्यावर 'अ‍ॅक्टिव्ह' छापलेल्या बऱ्याच जोड्या अशाच असतात. मी त्यांना पॉवर्डच म्हणतो. खऱ्या अ‍ॅक्टिव्हमध्ये क्रॉसओव्हर (जाड आणि बारीक आवाज वेगळे करणारं सर्किट) अ‍ॅम्पच्या आधी असतो, आणि वूफरला एक, ट्वीटरला एक असे दोन अ‍ॅम्प. अशा टू-वे (वूफर-ट्वीटरच्या) जोडीला चार.

पिन १ आता ४ मिलिव्होल्टवर आहे. टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमी ते आरसीए केबल थेट स्पीकरला दिली. जुना अ‍ॅम्प जुन्या पॅसिव्ह जोडीकडे परत गेला.