स्कॉटलंड १५६७: कारबेरी हिल डायोरामा, निशाण पूर्ण

निशाण एकदाचं झालं! अख्ख्या डायोरामात (छोट्या मूर्तींच्या देखाव्यात) सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला, आणि ते साहजिकच होतं. १५ जून १५६७ला कारबेरीच्या टेकडीवर लढाई अशी झालीच नाही. एडिंबरापासून काही मैलांवर स्कॉटलंडच्या राणी मेरीचं सैन्य आणि बंडखोर सरदारांचं सैन्य दिवसभर उन्हात समोरासमोर उभं राहिलं. सरदारांचं खरं हत्यार हे कापडच होतं, असं माझं मत.

पांढऱ्या कापडावर हिरवं झाड, त्याखाली मेरीचा नवरा डार्नली याचं प्रेत, शेजारी गुडघे टेकलेला राजपुत्र जेम्स आणि ‘देवा, माझा न्याय कर, सूड घे’ अशा अर्थाची ओळ. जेम्सला तेव्हा वर्षही पूर्ण झालं नव्हतं, गुडघे टेकून प्रार्थना कसली करतोय! डार्नलीचा खून १० फेब्रुवारीचा. कर्क ओ’ फील्डचं घर बंदुकीच्या दारूने उडवलं, पण तो आणि त्याचा नोकर सापडले बाहेर बागेत, अंगावर स्फोटाची खूण नाही. त्या जागेचं एक चित्र तेव्हा इंग्लंडला राणी एलिझाबेथचा मंत्री सेसिल याच्याकडे गेलं. त्यात दोन्ही प्रेतं दिसतात, शेजारची खुर्चीसुद्धा. प्रेताची पोझ तिथूनच उचलली. (स्कॉटलंडचं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे त्यांच्या लेखी हा खून १५६६चा. मी आपला आजचा हिशेब धरलाय.)

निशाण दोन भाल्यांमध्ये ताणलेलं असल्यामुळे नेहमीच्या लाटा बाद. टिश्यू पेपरला पातळ केलेलं फेविकॉल, दोन बाजूंना तारा, मधे थोडा झोळ. अक्षरं ट्रिपल झिरो, म्हणजे अगदी बारीक ब्रशने. नुसता काळा २८ मिमी उंचीच्या मूर्तींच्या मापावर फार भडक दिसतो, त्यात तपकिरी मिसळा.

मेरीची तयार मूर्ती मिळते ती काळा पोशाख, मोठी कॉलर अशी. त्या दिवशी तिच्या अंगावर होता उसना लाल घागरा, जेमतेम पोटरीपर्यंत. म्हणून एका शेतकरी बाईची मूर्ती घेतली, डोकं बदललं, घागरा खालून कापला आणि पाय पुट्टीने घडवले. लाल रंगावर तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात), वरून अगदी हलका ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग).

तिचे लोक पाणी शोधत हळूहळू पांगले, म्हणून तिच्या फळीत मुद्दाम जागा सोडतोय. बघणाऱ्याला काम अर्धवट वाटतं, वाटू दे.

बॉथवेल रंगवून तयार आहे. खुनाचा मुख्य संशयित हाच, आणि १५ मेला मेरीने लग्न केलं तेही याच्याशीच. पण तो दुसऱ्या बेसवर (देखाव्याच्या पाटावर) जाईल. त्याला जाऊ द्यायचं या बोलीवरच ती शरण आली, आणि तो डनबारकडे निघाला. या बेसवर सरदारांच्या बाजूचा ग्रेंजचा कर्कॉडी तिला न्यायला आलाय, त्याचा घोडा अजून प्रायमरवरच (रंगाआधीच्या अस्तरावरच) आहे.

मग राहिलं गवत. हिरव्या फ्लॉकमध्ये (गवतासाठीच्या बारीक रंगीत तंतूंमध्ये) चाळलेला भुसा मिसळून पाहतोय. कोणी केलं असेल तर प्रमाण कळवा.