पोटमाळ्यावरचा खोका आणि माझे ११२ गेम

नवीन लॅपटॉप घेतला, जुना डेस्कटॉप फॉरमॅट करून भाच्याला दिला आणि त्याच आठवड्यात किंग्ज सर्कलच्या तुंबलेल्या पाण्यातून चालताना फोन खिशातल्या खिशात मेला. या तीन गोष्टी एका आठवड्यात होऊ देऊ नका. तिसरी माझ्या हातात नव्हती, पहिल्या दोन होत्या.

लॅपटॉपवर गेमच्या ऑनलाइन दुकानाचं ॲप टाकलं, पासवर्ड टाकला, तो बरोबरही निघाला. मग कोड मागितला. कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर मेलेल्या फोनमध्ये. 'फोन जवळ नाही' दाबलं तर म्हणे इमेलवर पाठवतो. इमेल कुठला, तर २००८ साली ज्या कंपनीत होतो तिथला. ती मी २०१२ मध्ये सोडली, आणि पुढे ती दुसऱ्या कंपनीत विलीनही झाली. खरेदीच्या सगळ्या पावत्या इतकी वर्षं त्या बंद पेटीत पडत होत्या आणि मला पत्ताच नव्हता. मोबाइलवर पाठवू का? शेवटचे दोन आकडे बघितले आणि पोटात गोळा आला. तो जुना नंबर रिचार्ज न केल्यानं कधीच सुटला होता. तरी फोन लावला. नालासोपाऱ्याच्या एका बाईंनी उचलला. "एक कोड येईल, तो सांगाल का?" हे अगदी ओठावर आलं होतं, पण त्यांनी मला ओटीपी मागणारा भामटाच समजलं असतं. रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला.

दुकानाचं नाव लिहीत नाही. पण आत माझे ११२ गेम होते. त्यातले निम्मे मी उघडलेलेही नाहीत, १४९ रुपयांना मिळतोय म्हणून उचललेले. तरी आपलेच ना! शिवाय उन्हाळी सेल चालू होता (त्यांचा उन्हाळा, आपला पावसाळा) आणि मला हवा असलेला रेसिंग गेम ७४९ ला लागला होता. सेल संपायला सहा दिवस होते.

सपोर्टला तक्रार टाकली. तक्रारीचा नंबर मिळाला, तो नीट लिहून ठेवा, पुढे लागतो. दोन दिवसांनी उत्तर आलं: खातं तुमचंच आहे याचा पुरावा द्या. ज्या कार्डानं खरेदी केली त्याचे शेवटचे चार आकडे, किंवा खरेदीची पावती, किंवा खात्यावर चढवलेल्या एखाद्या खोक्यातल्या गेमची सीडी की, म्हणजे खोक्यात छापून येणारा कोड. पावत्या कुठे होत्या ते वर सांगितलंच. आणि कार्डाचं म्हणाल, तर २०२२ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दुकानांना आपला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, तेव्हापासून मी सरळ यूपीआयनंच पैसे भरतो. म्हटलं, सोपं आहे. बँकेच्या ॲपमधून शेवटच्या खरेदीचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, काढला आणि पाठवला.

तीन दिवसांनी उत्तर: हा क्रमांक आमच्या नोंदींशी जुळत नाही, तुमच्या संयमाबद्दल आभार. खाली सही मात्र सपोर्टच्या वेगळ्याच माणसाची. मग माझ्या लक्षात आलं की दुकान आणि बँक यांच्यामध्ये पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे पोचवणारी तिसरी कंपनी, बसलेला असतो. दुकानाकडे बहुतेक त्या गेटवेचा ऑर्डर नंबर असतो, माझ्या बँकेचा यूटीआर नाही. हे तिथल्या माणसानं एका ओळीत सांगितलं असतं तर? पण नाही. संयमाबद्दल आभार! माझ्याकडे संयम नव्हताच. मी दुसरी तक्रार टाकली, मग तिसरी. ही माझी चूक. तिन्ही एकत्र करून पुन्हा पहिल्या पायरीवर नेली आणि वाट बघण्याचे दिवस परत एकपासून मोजायला लागले. एकच तक्रार ठेवा, तिच्यातच लिहीत राहा.

राहिलं जुनं क्रेडिट कार्ड. ते मी कापून फेकलं होतं. बँकेच्या ॲपवर इतकी जुनी स्टेटमेंटं दिसत नाहीत, म्हणून अर्धा दिवस रजा टाकून अंधेरीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमना सांगितलं, २०१३-१४ चं क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पाहिजे, गेमच्या खरेदीसाठी.

"गेम म्हणजे रमीबिमी? ते तर सरकारनं बंद केलं ना?"

म्हटलं, नाही हो, तो ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. मी विकतचा गेम म्हणतोय. गाडी चालवायचा.

"मग तुम्ही सायबर सेलला जा."

शेवटी लेखी अर्ज दिला, फी भरली. "सात ते दहा दिवस." तोवर सेल संपलेला होता. रेसिंग गेम २,४९९ वर परत गेला. भाचा फोनवर हसत होता. "मामा, डेस्कटॉप फॉरमॅट केला नसता तर निदान त्यावर तुझं खातं उघडं तरी राहिलं असतं." हे त्याचं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

सीडी कीचा विचार मी तेराव्या दिवशी केला. २००८ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून ९९९ रुपयांना एक ओरिजिनल गेम घेतला होता. आजूबाजूला पायरेटेड सीडी शंभर रुपयांत दोन मिळत होत्या आणि मी पहिल्या पगाराच्या तोऱ्यात ओरिजिनल घेतला. घरी आल्यावर कळलं की डीव्हीडी घालूनही इंटरनेटवर या दुकानात खातं उघडावं लागतं. किती शिव्या घातल्या होत्या तेव्हा! एमटीएनएलचं ट्रायबँड, २५६ केबीपीएस; एक जीबी उतरवायचं तर जवळजवळ नऊ तास. आणि म्हणे आधी पॅच (गेमच्या दुरुस्तीची फाइल) उतरवा.

परळला आईकडे गेलो. ती दर दिवाळीत विचारते, "ते तुझं कॉम्प्युटरचं सामान रद्दीत घालू का?" यंदा घातलं की नाही, हे विचारायलाही घाबरत होतो. पोटमाळ्यावर गणपतीच्या मखराचे कापडी पडदे, त्यामागे शेवयाचं यंत्र, आणि त्याच्यामागे तो खोका, एका कोपऱ्याला वाळवी लागलेला. आतल्या पुस्तिकेच्या पाठीवर पांढरं स्टिकर. पाच-पाच अक्षरांचे गट, एका ठिकाणी बी आहे की आठ ते कळेना इतकं पुसट. सपोर्टनं सांगितल्याप्रमाणे स्टिकरशेजारी पेनानं तक्रारीचा नंबर लिहिला. खिडकीपाशी उजेडात धरून फोटो काढला. पहिला हलला, दुसरा काढला. आई खालून शिडी धरून म्हणत होती, "एवढ्या कागदाच्या चिटोऱ्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ऑफिसातून निघताना, इमेल आला. खातं परत. एकूण एकोणीस दिवसांतले अठरा फुकट आणि एक कामाचा. भांडुप येईपर्यंत मी लोकलमध्ये उभ्या उभ्या ११२ गेमांची यादी वरखाली करत होतो. बँकेचं स्टेटमेंट त्यानंतर चार दिवसांनी कुरिअरनं आलं.

एवढं होऊन मी खोक्यातले गेम शोधायला निघालोय का? नाही. पीसीचे खोके आता मिळतच नाहीत जवळजवळ, आणि मिळाले तरी आत बऱ्याचदा नुसता कोडच असतो. शिवाय डिजिटलचे फायदे मी खाल्लेले आहेत. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानं २०१५ च्या नोव्हेंबरात रुपयांत किमती दाखवायला सुरुवात केली, त्याआधी डॉलरमध्ये भरून वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क द्यायचो. तिथे गेम आवडला नाही तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत, ही सोय लॅमिंग्टन रोडवर कुणी दिली असती? फक्त ते दोन तास गेम चालू असण्याचे धरतात, तेव्हा मेनू उघडा ठेवून जेवायला बसू नका. एपिक हे दुसरं दुकान तर दर आठवड्याला काहीतरी फुकट देतं.

पण "विकत घेतला" हा शब्द मी आता जपून वापरतो. आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की दुकानानं हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगायचं. 'द क्रू' नावाच्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे मोजलेल्या लोकांनाही तो खेळता येईना, एकट्यानं खेळायचा भागसुद्धा. म्हणून एकट्यानं खेळायचे जुने गेम मी आता जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतो. तिथे इन्स्टॉलर उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येतो, नंतर कोडबिड लागत नाही. जे मित्रांबरोबर खेळायचे, ते मात्र जिथे मित्र आहेत तिथेच घ्यावे लागतात.

आणि हो, रिकव्हरी कोड. हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. ऑथेंटिकेटर चालू करताना दुकान एक कोड देतं आणि लिहून ठेवा म्हणतं. आपण 'पुढे' दाबतो. तो कागदावर लिहा, फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून उपयोग नाही, फोनच बुडतो. माझा आता आधार आणि एलआयसीच्या फायलीत आहे. शेजारी ती पुस्तिका, प्लास्टिकच्या पिशवीत. खोका आईनं टाकला.

रेसिंग गेम अजून २,४९९ लाच आहे. पुढच्या सेलची वाट बघतोय.