यंत्र असताना चिठ्ठी कशासाठी?

सिरोसिसच्या, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट झालेल्या, रुग्णाचे यकृत अचानक ढासळते, त्यात सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागणे, सुरू होतो, रक्त शुद्ध करणारे यंत्र त्याच विभागात असते, आणि तरीही ते कोणाला लावायचे हे आमच्या उपचार-चाचणीत संगणकाने निव्वळ योगायोगाने काढलेली चिठ्ठी ठरवते. हा निर्दयपणा नाही का, असे तुम्ही मला वारंवार विचारता.

साधे डायलिसिस पाण्यात विरघळणारी द्रव्ये काढते. यकृत थकल्यावर साचणारी बरीच विषे अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेली असतात, म्हणून अल्ब्युमिन वापरणारी यंत्रे आली. त्यांपैकी 'मार्स'ची युरोपात १८९ रुग्णांवर चाचणी झाली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत कावीळ आणणारे बिलिरुबिन उतरलेले दिसले, पण २८ दिवसांनंतर यंत्र लावलेल्या आणि न लावलेल्या दोन्ही गटांत जगलेल्यांचे प्रमाण सारखेच, ६० टक्क्यांच्या आसपास होते. सेप्सिसमध्ये तर अशा उपचारांत अँटिबायोटिकही रक्तातून निघून जाऊ शकते आणि प्लेटलेट घटू शकतात.

एका रुग्णाच्या वाट्याला नेहमीचेच उपचार आले, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने मला अतिदक्षता विभागाबाहेर गाठले. "डॉक्टरसाहेब, जमीन विकतो, पण चिठ्ठी बाजूला ठेवा आणि यंत्र लावा," असे तो म्हणाला. संमती केव्हाही मागे घेता येते, चाचणीबाहेर पैसे भरून हे उपचार घेता येतात आणि त्यामुळे आमच्या बाजूने काही कमी होणार नाही, हे मी त्याला सांगितले. कावीळ उतरेल, पण जीव वाचेल असे म्हणता येणार नाही, हेही सांगितले. रक्त स्वच्छ झाल्यावर माणूस का सुधारणार नाही, हे त्याला पटेना. यकृत केवळ गाळत नाही, ते रक्त गोठवणारी प्रथिने तयार करते, आतड्यातून आलेले जंतू अडवते, आणि यंत्राला यातले काहीच जमत नाही, असे मी समजावत राहिलो. त्याने जमीन विकली नाही. त्याचा धाकटा भाऊ दगावला. नंतर येऊन त्याने एवढेच विचारले, "चिठ्ठी दुसरी निघाली असती तर?" मी "माहीत नाही" म्हणालो, ते खरे होते, पण त्याच्या कामाचे नव्हते.

मरणाच्या दारातल्या माणसाला यंत्र लावून पाहायला काय हरकत आहे, असे मी निवासी डॉक्टर असताना म्हणत असे, आणि तो तरुण अजून माझ्याशी वाद घालतो. अचानक यकृत निकामी झालेल्या १८२ रुग्णांच्या २०१६च्या चाचणीकडे तो बोट दाखवतो: तिथे मोठ्या प्रमाणातल्या प्लाझ्मा एक्स्चेंजने, म्हणजे रक्तातला द्रवभाग काढून दात्यांचा भरल्याने, रुग्णालयातून जिवंत परतणाऱ्यांचे प्रमाण ४७.८ टक्क्यांऐवजी ५८.७ टक्के झाले. ते रुग्ण सिरोसिसचे नव्हते, आणि हा फरक कळला तोही चिठ्ठीमुळेच, असे मी त्याला सांगतो. ते उत्तर त्याला पुरते. पण त्या भावाला जमीन विकण्यापासून माझ्या आकड्यांनी थांबवले, ते योग्य झाले का, या त्याच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही.