शेंगाचटणी, शेंगाचटणी, माईक टेस्टिंग

सोलापुरातला कुठलाही कार्यक्रम घ्या, पाहुण्यांचं भाषण जरा रंगात आलं की मागून आरोळी येतेच, "आवाज वाढवा की ओ!" आवाजाच्या मिक्सरवर बसणाऱ्यानं ही आरोळी ऐकावी, पण मानू नये. आवाज भरपूर असतो. कळत नसतात ते शब्द.

आमच्या भजनी मंडळाचा मिक्सर माझ्याकडे आहे, कारण तो ठेवायला जागा आमच्याच घरात निघाली. त्यावर बसणाऱ्या बहुतेकांचा हात आधी खालच्या फेडरवर, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या बटणावर जातो. खरा कारभार मात्र सगळ्यात वरच्या गेनच्या बटणाकडे असतो. माईकमधून येणारा सिग्नल अगदी अशक्त, जेमतेम काही मिलिव्होल्टचा. त्याला कामाच्या पातळीवर आणतो तो गेन, आणि त्यातलं किती बाहेर सोडायचं ते ठरवतो फेडर. गेन कमी ठेवून फेडर रेटला तर बुवांबरोबर खरखरही वर येते. गेन जास्त झाला तर लाल दिवा लागतो, आवाज फाटतो, आणि तिथं फाटलेला आवाज फेडर कितीही खाली घेतला तरी फाटकाच राहतो. म्हणून फेडर शून्याच्या खुणेवर ठेवायचा (इथं शून्य म्हणजे बंद नव्हे, ना वाढ ना घट), गाणाऱ्याला गायला लावायचं, लाल दिवा चमकेपर्यंत गेन वाढवायचा आणि मग चांगला मागं घ्यायचा. चांगला अशासाठी, की टेस्टिंगला नुसते गुणगुणणारे बुवा अभंग चढला की थेट तार सप्तकात जातात.

टोनची बटणं तीन. बेस, मिड, ट्रेबल. वक्त्याला बेस हवा असतो. भारदस्त वाटतं म्हणे. त्यात माईक ओठांना चिकटवून बोलायची सवय. स्टेजवरच्या नेहमीच्या माईकला तोंड फार जवळ नेलं की खालचे सूर आपोआप फुगतात. वर बेसही वाढवला की नुसतं घुमतं. त्यातून हॉल पत्र्याचा असला तर बघायलाच नको. अशा वेळी मी बेस कमी करतो, लो-कटचं बटण दाबतो, म्हणजे 80-100 हर्ट्झच्या खालची पंख्याची घरघर आणि टेबलाचे धक्केही जातात. मोठ्या आवाजानं जे साधत नाही ते बऱ्याचदा एवढ्यानं साधतं.

शब्द ओळखू येतात ते स, श, च, ट अशा व्यंजनांवरून. ती मुळात दुबळी, आणि त्यांचा मुक्काम वर, दोन किलोहर्ट्झच्या पुढं. "हॅलो, हॅलो"मध्ये त्यातलं एकही नाही, तरी सगळं जग हॅलोवरच माईक तपासतं! मी "शेंगाचटणी" म्हणायला लावतो. शेवटच्या खुर्चीवर त्यातले श, च आणि ट वेगवेगळे पोचले, की मराठी निवेदन, मधलं कन्नड वचन आणि तेलुगूतले आभार, सगळं पोचतं. ट्रेबल फार चढवला तर मात्र प्रत्येक स कानात शिरतो. दुसरी परीक्षा "प्रमुख पाहुणे". दोन्ही प सरळ माईकवर फुटतात. त्याला बटण नाही, निवेदकाला माईक जरा तिरपा धरायला सांगायचं.

स्पीकरमधून शिट्टी वाजली की लोक घाबरून माईकची जाळी मुठीत धरतात. त्यानं शिट्टी वाढते. मागून येणारा आवाज टाळायची सोय त्या जाळीच्या मागच्या बाजूला असते, तीच मुठीत बंद होते. माईक स्पीकरच्या तोंडासमोरून हलवा, एवढंच.

राहिला एको. गाण्याला चिमूटभर ठीक. भाषणाला एको म्हणजे माझ्या मते गुन्हाच, पण अध्यक्षांना तो हवाच असतो. "जरा एको सोडा की," असं ते स्टेजवरून खुणावतात. मी मान डोलावतो आणि त्यांना दिसेल असं एक बटण फिरवतो. ते खूश होऊन पुढं बोलू लागतात. त्या चॅनेलला माईक लावलेलाच नसतो.