एकाच पातेल्यातला पास्ता

रविवार, मार्गशीर्ष. रात्रीचे साडेदहा.

आज जेवायला पास्ता होता आणि आईने तो आमच्याबरोबर, आमच्याच पातेल्यातला खाल्ला. भांडी घासून झाली, ओटा पुसला, आता हे लिहायला बसलोय.

पावसाळ्यात आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. खडे होते, पिशवीच काढावी लागली. तेव्हापासून जड, तुपकट काही खाल्लं की तिला रात्रभर अस्वस्थ वाटतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. पित्त यकृतात तयार होतं, ते अजूनही होतंच. पण साठवायची पिशवी नाही, त्यामुळे ते आतड्यात थोडंथोडं झिरपत राहतं. एकदम खूप स्निग्ध पदार्थ पोटात गेला तर तो पचवायला तेवढं पित्त त्या वेळी हजर नसतं. म्हणजे तेल-तूप वर्ज्य नाही, एका बैठकीत फार नको इतकंच. घरात मात्र त्याचं पथ्य झालं. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. रविवारी लेकीसाठी बाहेरून पिंक सॉसचा, म्हणजे टोमॅटो आणि क्रीमच्या सॉसचा पास्ता यायचा आणि आई आपली वाटी घेऊन शेजारी बसायची. "मला चालतं रे, तुम्ही खा," म्हणायची. तिला चालत असेल, मला चालत नव्हतं. आजारी माणसाचं ताट वेगळं झालं की ते माणूसही पंगतीतून हळूहळू बाजूला सरकतं. आजोबांच्या वेळी मी हे पाहिलंय.

म्हणून हलका पास्ता करायचा ठरवलं तेव्हा अट एकच होती, की दोन पातेली करायची नाहीत. लेकीला तो हॉटेलसारखा दाट, मऊ लागला पाहिजे आणि आईला तो रात्री झोपू देणारा हवा.

आधी हिशेब मांडला. दुकानात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. २०० मिलीचा डबा ओतला की ५० ग्रॅम तिथेच झाले, वर लोणी आणि चीज वेगळं. टोन्ड दुधात ३ टक्के. ३०० मिली दूध घेतलं तरी ९ ग्रॅम. फरक एवढा मोठा आहे की बाकी कुठे काटकसर करायची गरजच उरत नाही. थोडं तेल, चीजचा एखादा तुकडा सुखाने घालता येतो.

अडचण आंबटपणाची. टोमॅटोच्या रसात नुसतं दूध ओतलं की ते फुटतं. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचे कण साधारण ४.६ सामूला (सामू म्हणजे आंबटपणा मोजायचं माप, पीएच) एकमेकांना धरून गोळा होतात आणि टोमॅटोचा सामूही त्याच आसपास असतो. क्रीम तगून जातं, कारण त्यात चरबी जास्त आणि केसीन कमी. म्हणून हॉटेलवाले डोळे मिटून क्रीम ओततात.

हे मी आईला सांगत होतो. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, बेसन लावल्याशिवाय ताक कधी विस्तवावर ठेवतात का? तुझ्या दुधालाही काहीतरी लाव."

झालं, उत्तर मिळालं. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला डाळीचं पीठ लावतो. पिठातला स्टार्च गरम झाला की फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. व्हाइट सॉसमध्ये मैदा नेमकं हेच काम करतो. आईने हे वाचलेलं नाही, पण तिच्या हाताला ते साठ वर्षं माहीत आहे. टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध ती कायम शेवटी घालते, गॅस बारीक करून, आणि मग उकळी येऊ देत नाही. आजच्या सॉसमध्ये मी तिचे हे दोन्ही नियम जसेच्या तसे वापरले.

टोमॅटो मंडईतून आणले होते. या दिवसांत छान मिळतात, लाल आणि भरीव. गावरान टोमॅटोला चव जास्त, पण रस पातळ आणि आंबट. या कामाला जाड गराचा पिकलेला संकरितच बरा. चौघांना अर्धा किलोहून थोडे जास्त घेतले, उकळत्या पाण्यात बुडवून सालं काढली, एक छोटं गाजर वाफवून त्याच्याबरोबर वाटलं. गाजर घातलं की साखर लागत नाही. चमचाभर तेलात ठेचलेला लसूण आणि बारीक कांदा, मग हा रस. इथे घाई करायची नाही. कच्चा वास जाऊन, रंग गडद होऊन, कडेने तेलाची बारीक रेघ दिसेपर्यंत बारीक आचेवर आटू द्यायचा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. टोमॅटो शिजवल्याने त्यातलं लायकोपिन नावाचं लाल रंगद्रव्य शरीराला सहज मिळतं आणि थोडी स्निग्धता सोबत असेल तर आणखी चांगलं. त्या चमचाभर तेलाचा थेंबन्‌थेंब कामी येतो.

दुसऱ्या कढईत चमचाभर तेल, त्यात दीड मोठा चमचा कणीक. मैदा घरात होता, पण कणकेला भाजल्यावर जो खमंग वास येतो तो मला हवा होता. फिकट बदामी झाली की गॅस बंद करून गार दूध थोडंथोडं घालत ढवळायचं. गार दुधामुळे गुठळ्या होत नाहीत. मग पुन्हा गॅस लावून एक उकळी काढायची. आईने डाव बुडवून बाहेर काढला, उलटा धरला, पाठीवरून बोट फिरवलं. बोटाची वाट कोरी राहिली, दोन्ही बाजूंनी सॉस मिटून आला नाही. "आता घाल," म्हणाली.

टोमॅटो गॅसवरून उतरवून पाच मिनिटं निवू दिला आणि डावाडावाने दुधात मिसळला. पांढऱ्यात लाल उतरताना आधी केशरी रेघा उठतात, मग एकदम सगळं गुलाबी होतं. लेक मोबाइल ठेवून बघायला आली. मिसळल्यावर आच बारीक, उकळी नाही. चीजचा एक क्यूब किसून घातला. प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकजीव राहावं म्हणून घातलेले क्षार असतात, ते सॉसलाही सांभाळून घेतात. मीठ त्यात असतंच, म्हणून वरून अगदी चिमूट.

पास्त्याबद्दल थोडं. पुड्यावर ड्युरम गव्हाची सुजी लिहिलंय ना, हे बघून घ्यावं. ड्युरम म्हणजे आपला बन्सी, ज्याच्या रव्याच्या शेवया होतात. तो मैद्यासारखा लगेच गिचका होत नाही. आपल्या पुण्यातच, आगरकर रस्त्यावर, आघारकर संशोधन संस्थेत या गव्हावर कितीतरी वर्षं काम चाललंय. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने १९४६ साली सुरू केलेली ही संस्था. तिच्या वाणांच्या नावात अजून विज्ञानवर्धिनीची इंग्रजी आद्याक्षरं असतात. एमएसीएस ४०२८ हा त्यांचा ड्युरम वाण, सुमारे १४.७ टक्के प्रथिनांचा. त्या रस्त्याने मी अनेकदा गेलोय, आणि आपल्या गावात कुणीतरी शेवयांच्या गव्हाची इतकी काळजी घेतंय याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

पाव किलो पेने, म्हणजे नळीसारखा पास्ता, नेहमीपेक्षा कमी पाण्यात उकडलं, म्हणजे पाणी पांढरट, पिठूळ होतं. पुड्यावरच्या वेळेआधी दोन मिनिटं काढून थेट सॉसमध्ये, सोबत त्याच पाण्याचे दोन-तीन डाव. हे पाणी मोरीत ओतणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करीन. क्रीमने येतो तो अर्धा मऊपणा या पाण्यात असतो. आणि सॉस जरा सैलच ठेवावा, कारण पास्ता ताटात येईपर्यंत तो शोषून घेतो.

वरून सब्जाची पानं चुरडली. सरबतात बी घालतो तोच सब्जा, म्हणजे स्वीट बेझिल. गच्चीत कुंडीभर आहे, थंडीत जरा खुरटतो, पण वास तोच.

लेकीने पहिला घास खाऊन विचारलं, "बाबा, क्रीम किती घातलंस?" नाही म्हटल्यावर तिने आजीकडे बघितलं. आजीने "माझ्या कढीची युक्ती आहे ती," म्हणून सांगितलं आणि पुढे कढीबद्दल, सांगलीच्या घरातल्या चुलीबद्दल, ताक घुसळणाऱ्या तिच्या आत्याबद्दल बराच वेळ बोलत राहिली. वाटी घेऊन शेजारी बसायची तेव्हा इतकं बोलायची नाही. एक वाढप खाल्लं, दुसरं अर्धं मागून घेतलं. मी जास्त वाढायला गेलो तर हात आडवा केला. "थोडंच. मला माझं कळतं."

आत्ता तिच्या खोलीत डोकावून आलो. पुस्तक वाचत पडलीय, पोट ठीक आहे म्हणाली.

वाटीभर सॉस उरलाय, फ्रिजमध्ये ठेवलाय. उद्या घट्ट झालेला असेल, थोडं दूध घालून बारीक आचेवर सैल करायचा आणि पोळीला लावून वर परतलेली सिमला मिरची, म्हणजे लेकीच्या डब्याचं झालं. पुढच्या रविवारी गाजराऐवजी लाल भोपळा घालून बघायचं म्हणतोय. आईचं म्हणणं, भोपळा गोड लागेल, त्याला मिरं थोडं जास्त लाव.