२४ तारखेचा रकाना

आमच्या घरात कुठल्याही सहलीची सुरुवात नवऱ्याच्या एक्सेल शीटने होते. गुहागरला तीन दिवस जायचं असलं तरी शीट असते आणि त्यात "समुद्र" असा एक रकाना असतो. त्यामुळे या डिसेंबरला, म्हणजे २०२६ च्या, व्हिएन्नाला जायचं नक्की झालं तेव्हा त्याला जो आनंद झाला तो व्हिएन्नाचा होता की शीटचा, हे मला अजून कळलेलं नाहीये. तारखा आडव्या, तास उभे, बघायच्या जागा हिरव्या, खायच्या पिवळ्या, आणि माझ्या आईचे गुडघे निळे, म्हणजे जिथे जिथे पायऱ्या तिथे तिथे निळं. सेंट स्टीफन्स कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत, तो रकाना त्याने इतका निळाशार केलाय की आईने नुसता बघूनच सांगितलं, मी खाली बाकावर बसते, तुम्ही या जाऊन.

तर २१ ते २८ डिसेंबर सगळं भरलंय. फक्त एक रकाना दीड महिना झाला तरी रिकामा आहे. गुरुवार, २४ डिसेंबर, संध्याकाळी ५ ते रात्री १०.

आणि गंमत म्हणजे आम्ही चाललोय ते ख्रिसमस बघायला, आणि ऑस्ट्रियात ख्रिसमस असतो तो बरोब्बर याच रकान्यात. आपल्याला वाटतं २५ तारीख. तिकडे खरा सण २४ ची संध्याकाळ. आणि त्या संध्याकाळी बाहेरून आलेल्या माणसाने बघण्यासारखं काहीही नसतं, कारण सगळे आपापल्या घरी असतात.

हे कळायला आम्हाला उशीर झाला, कारण आधी आम्ही मार्केटांमध्येच हरवलो होतो. ख्रिसमस मार्केटचे व्हिडिओ एकदा बघायला लागलात की रात्रीचा एक कधी वाजतो कळत नाही. सगळ्यात मोठं मार्केट राटहाउससमोर, म्हणजे तिथल्या महापालिकेसमोर. राटहाउसचा फोटो बघून मुलगी म्हणाली, "आई, हे तर व्हीटी स्टेशन आहे." तसं अगदीच चुकीचं नाही ते, तीच टोकदार गॉथिक हौस, आणि बांधकामही त्याच काळातलं, राटहाउस १८८३ ला पूर्ण झालं आणि आपलं व्हीटी त्यानंतर चार-पाच वर्षांत. फरक एवढाच की व्हीटीसमोर आपण टॅक्सी शोधत असतो आणि तिकडे लोक हातात गरम वाइनचा मग घेऊन निवांत उभे असतात.

त्या मगाचं मला फार आवडलं. वाइन कागदी कपात देत नाहीत, चिनी मातीच्या मगात देतात, मगाचं डिपॉझिट घेतात, मग परत केला की पैसे परत. अगदी आपल्याकडे सोड्याच्या बाटलीचं असायचं तसं. आणि मग आवडला तर डिपॉझिटवर पाणी सोडून खुशाल घरी न्यायचा. मी आत्ताच चार मग धरून ठेवलेत, नवऱ्याने "सामान, परतीचं" मध्ये त्यांचं वजन टाकलंय. वाइनमध्ये दालचिनी, लवंग, संत्र्याची साल वगैरे घालून गरम करतात हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणजे काढाच की." ग्ल्यूवाइनचं याहून चांगलं भाषांतर मी तरी ऐकलेलं नाही. न पिणाऱ्यांसाठी बिनदारूचा किंडरपुन्श मिळतो, म्हणजे लहान मुलांचा पंच, तो आईच्या नावावर टाकलाय, तिला नाव सांगितलेलं नाही.

बाकी खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने तिथे नावावर जाऊ नये. केझेक्राइनर म्हणून एक प्रकार आहे, केझे म्हणजे चीज, मी आनंदाने पिवळा रकाना भरून टाकला, मग दोन दिवसांनी कळलं की ते चीज भरलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज आहे. वाचली बिचारी आई. पण किसलेल्या बटाट्याचं कुरकुरीत लसूण लावलेलं थालीपीठ मिळतं, भटुऱ्यासारखं तळलेलं लांगोश मिळतं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर भाजलेली चेस्टनट कागदाच्या पुडीत, आपल्याकडे भाजलेल्या शेंगा मिळतात तशी. उपाशी कोणी राहणार नाही.

उजेडाचा हिशोब मात्र मांडावा लागला. व्हिएन्नात त्या दिवसांत सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि चार वाजून गेले की गुल. म्हणजे सव्वाआठ-साडेआठ तासांचा दिवस. आपण पुण्यात दुपारी झोपून उठून चहा टाकतो त्या वेळेला तिकडे रात्र. त्यामुळे शीटमध्ये सकाळी राजवाडे आणि बागा, दुपारी म्युझियम, अंधार पडला की मार्केट, अशी विभागणी झाली. बर्फाचंही मुलीला स्पष्ट सांगून टाकलं की व्हिएन्ना शहरात ख्रिसमसला बर्फ मिळणं दुर्मिळ, राखाडी ढग आणि हाडात शिरणारा वारा धरून चाल. ती जरा हिरमुसली. पण तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगेलचं १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र आहे, दमलेले शिकारी, मान खाली घातलेले कुत्रे आणि खाली गोठलेल्या तळ्यावर घसरत खेळणारी मंडळी, ते बघायला तासभर ठेवलाय. बर्फ तेवढा नक्की आहे.

व्हिसाबद्दल मी फार बोलणार नाही, ज्यांनी केलाय त्यांना माहितीये. ९० युरो फी, ३० हजार युरोचा इन्शुरन्स, बँकेची स्टेटमेंटं, ऑफिसचं रजेचं पत्र, आणि आपण परत येणारच आहोत हे एका अनोळखी माणसाला पटवून देणारं पत्र. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे सहा महिने आधीपासून टेन्शन घेता येतं. आईला फोटो काढताना हसू नका म्हणाले, तर ती इतकी गंभीर झाली की फोटो बघून मलाच वाटलं हिला पाठवावं की नाही.

तर हे सगळं करता करता एका रात्री नवरा म्हणाला, "अगं, एक घोळ आहे." त्याने मार्केटांच्या बंद व्हायच्या तारखा टाकायला घेतल्या होत्या. स्पिटेलबर्गच्या गल्ल्यांमधलं मार्केट २३ लाच आवरतं. कार्ल्सप्लाट्झचंही तेच. राटहाउसचं २६ पर्यंत आहे, पण २४ ला संध्याकाळी तिथेही लवकर निजानीज. दुकानं २४ ला दुपारीच बंद. २५ सुट्टी. २६ पण सुट्टी. आणि या वर्षी २५ ला आलाय शुक्रवार, म्हणजे २७ ला रविवार, आणि रविवारी तिकडे दुकानं उघडतच नाहीत. थोडक्यात गुरुवार दुपारनंतर एकदम सोमवार सकाळ. मोठ्या स्टेशनांवरची दोन-चार सुपरमार्केटं तेवढी सणासुदीला आणि रविवारी उघडतात, पण तिथली रांग म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी चितळ्यांकडे असते तशी असणार.

मी म्हटलं, "अरे पण हे लोक ख्रिसमसला दुकानं बंद कशी ठेवतात?"

आणि म्हणता म्हणताच मला तो जर्मन आठवला.

दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसात एक जर्मन माणूस दोन आठवड्यांसाठी पुण्यात आला होता, मुद्दाम दिवाळीची तारीख बघून. प्रकाशाचा सण वगैरे वाचून आलेला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कॅमेरा घेऊन लक्ष्मी रोडला गेला. दुकानं अर्धवट उघडी, आत चोपड्यांची पूजा चाललेली, हा एका दुकानात शिरला तर त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि पुढे काही नाही, कोणी काही विकायलाच तयार नाही. मग जेवायला जागा शोधत फिरला. शेवटी आठ वाजता त्याचा फोन आला, आणि बिचाऱ्याने अगदी नम्रपणे विचारलं की दिवाळी नक्की कुठे आहे. म्हणजे कुठल्या चौकात, कुठल्या ग्राउंडवर. तेव्हा आम्ही किती हसलो होतो. मग नवरा जाऊन त्याला घरी घेऊन आला, त्याने आईच्या हातची चकली खाल्ली, लवंगी माळ लावताना घाबरून बाल्कनीत पळाला, आणि जाताना म्हणाला, आता सापडली.

आता आम्ही तोच प्रश्न घेऊन दीड महिना बसलोय.

त्यातून मग मी तिकडच्या घरांमध्ये काय चालतं ते वाचायला लागले. डिसेंबर लागला की घरोघरी बिस्किटं होतात, डबे भरतात आणि एकमेकांकडे जातात, त्यात चंद्रकोरीसारखं व्हॅनिलाचं एक खुसखुशीत प्रकरण असतं, दिसायला करंजीची धाकटी बहीण आणि कृतीवरून तरी थेट नानकटाई. ख्रिसमसच्या आधी चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त. आणि भेटवस्तू सांताक्लॉज आणत नाही तिकडे, क्रिस्टकिंड आणतो, बाळ येशू. २४ ला झाड एका खोलीत दार लावून सजवतात, मुलांना आत सोडत नाहीत. संध्याकाळी आतून छोटी घंटा वाजते. मग दार उघडतं आणि झाडावर दिवे लागलेले असतात. मुलीला सांगितलं तर चौदा वर्षांची घोडी पण दोन मिनिटं गप्प बसली.

घंटेवरून आठवलं, स्टीफन्स कॅथेड्रलमध्ये पुम्मेरिन नावाची एक घंटा आहे, वीस टनांची, मोठ्या सणांनाच वाजते. मूळची घंटा १७११ मध्ये ओतलेली, तुर्कांनी १६८३ ला व्हिएन्नाला वेढा घातला होता त्या लढाईत हाती लागलेल्या तोफा वितळवून. १९४५ च्या आगीत ती खाली कोसळून फुटली, मग तिच्याच तुकड्यांमधून नवीन ओतली. हे वाचताना मला मेणवलीची घंटा आठवली, आणि नाशिकची नारोशंकराची. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा अशा आपल्या देवळांमध्ये येऊन पोचल्या. तिकडे तोफांची घंटा झाली आणि इकडे चर्चची घंटा देवळात गेली, वाजायचं काम मात्र चालूच. मी हे एवढ्या उत्साहाने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं, पण २४ ला ती कितीला वाजते? रकान्यात टाकू का?"

मध्यरात्री तिथे प्रार्थना असते, ट्रॅमही चालू असतात, तेव्हा जाता येईल. पण ५ ते १० चं काय? हॉटेलांमध्ये खास जेवणं असतात पण ती महिनोन्महिने आधी भरतात, आणि पाच कोर्समध्ये आई जे खाऊ शकेल असं मला फक्त ब्रेड आणि शेवटचं गोड दिसलं. शेवटी आम्ही ज्यांचा फ्लॅट घेतलाय त्या बाईंनाच मेल केला, २४ ला संध्याकाळी कुठे जाता येईल? त्यांचं उत्तर आलं की मी माझ्या आईकडे ग्राझला असेन, आणि शहरातले बाकीचेही आपापल्या आईकडे असतील, स्वयंपाकघरात सगळी भांडी आहेत.

नवऱ्याने मेल मोठ्याने वाचला. आई मटार सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "मग खिचडी टाकू. दोन लिटरचा छोटा कुकर मी नेते."

"तुपाचं काय?" मी विचारलं, कारण युरोपात बाहेरून दूधदुभतं न्यायला बंदी आहे, तूप नाही, पेढे नाहीत, हे मी तिला अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं. तिने हातातली शेंग खाली ठेवली. कुठल्याच रंगाच्या रकान्यावर ती एवढी थांबली नव्हती.

"लोणी मिळतं ना तिकडे?"

"मिळतं की. चांगलं मिळतं."

"मग कढवू."

नवरा टाइप करायला लागला. २४ डिसेंबर, सकाळी १०, सुपरमार्केट, बिनमिठाचं लोणी अर्धा किलो, दुपारी बंद व्हायच्या आत. संध्याकाळी ५, तूप कढवणे. रात्री ८, खिचडी. मग थांबला, कुठल्यातरी दुसऱ्या टॅबमध्ये काहीतरी वाचून आला, आणि शेवटी एक ओळ वाढवली. तिकडे रात्री १० नंतर शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज चालत नाही, कुकरच्या शिट्ट्या आधी उरकणे.